डोहात एकही मासा नाही

“सटवाजीमामा, डोहात हिंगणबेट तुमीच टाकलं का?”

दैवशालेनं एका दमात विचारून टाकलं. मागे बाभळीच्या बुंध्याआड कोकिळेनं डोळे गच्च मिटून घेतले. तिच्या शेजारी वैजीनाथनं तोंडावर हात दाबला. काल संध्याकाळी या दोघा बहीणभावांनीच तर तिला डिवचलं होतं! “गंगाखेडच्या शाळेत एवढं भाषण ठोकून बक्षीस आणलंस ना? मग सटवाजीला तोंडावर विचारून दाखव!”

विचारलं होतं बाई. आता काय?

सटवाजी भोई डब्यानं होडीतलं पाणी उपसत होता. तो थांबला. चिडला मात्र नाही. त्याच्या चेहऱ्यावर नुसता थकवा होता, चार रात्री झोप न लागलेल्या माणसाचा.

“न्हाई म्हणलं तर खरं मानणार हाव का, लेकी?”

दैवशालेनं बाभळीकडे वळून बघितलं.

गेले आठ दिवस गावात हाच विषय होता. गावाखालच्या आसराच्या डोहात मासे पांढरी पोटं वर करून तरंगले होते. गुरं पाण्याला तोंड लावेनात. हिंगणबेटाची फळं ठेचून पाण्यात टाकली की मासे गुंगतात, हे भोयांना ठाऊक. मग दुसरं कोण असणार? गावातला तोंडाळ माणिकराव तर चावडीपासून देवळापर्यंत ओरडत फिरला होता, “त्याचंच काम! एकदाच हात मारला आन डोह नासवला!” आज दिवस मावळायच्या आत मारुतीच्या पारावर पंच बसणार होते. गुन्हा सटवाजीच्या माथी बसला, तर त्याची होडी या पाण्यातून कायमची बाहेर! त्याच्या बापानं, आज्यानं याच डोहावर पोट भरलं होतं. आणि पंचांत दैवशालेचे वडील होते, व्यंकटराव.

“बसा होडीत,” सटवाजी म्हणाला. “दिसभर फिरा माझ्यासंग. जाळं तुमीच टाका, मला या डोहात काय मिळतंय ते बघा. मंग काय ते तुमीच ठरवा.”

“मी एकटी?”

“त्या बाभळीमागचे दोघंबी आले तरी चालंल की.”

वैजीनाथ लाजत बाहेर आला. पण होडीत पाय पडताच त्याची लाज पळाली! “ए, आपला सगळा मुलूख आता मुंबई राज्यात गेला म्हणं! गुरुजी सांगत होते, तिकडं लोक समुद्रात कोस-कोस आत जात्यात आन माणसाएवढाले मासे आणत्यात. मधी चला मामा, एकदम खोलात! मी बी माणसाएवढा धरणार!”

“तुझ्याएवढा धर,” कोकिळा म्हणाली, “म्हंजे टोपलीत मावंल.”

सगळे हसले. सटवाजीसुद्धा. त्या दिवसात पोटभर हसायची ती पहिली आणि शेवटचीच वेळ.

कारण मासा काही लागेना! पहिलं जाळं वर आलं ते रिकामं. दुसऱ्यात एक कुजकी फांदी. तिसरं दैवशालेनं स्वतः फेकलं, ते छत्रीसारखं उघडायचं सोडून गाठोड्यासारखं धप्पकन पडलं, आणि तीही त्याच्याबरोबर पडता पडता राहिली. चौथ्यात चिखल. पाचव्यात पुन्हा चिखल.

“गळ टाकू,” वैजीनाथ म्हणाला. गळ टाकला. कणकेच्या गोळ्या पाण्यात विरघळून गेल्या. गांडूळ लावलं, ते तसंच परत आलं, धुऊन निघालेलं.

ऊन चढलं. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते, तरी पाण्यावर ऊन कसं तापतं ते होडीत बसल्यावरच कळतं. ओल्या दोरीनं तिघांचे तळहात सोलवटले. वल्हं मारून मारून दैवशालेचे खांदे असे भरून आले, की पदराचंही ओझं वाटावं.  कोकिळा होडीच्या काठावर हनुवटी टेकून नुसती पाण्याकडे बघत होती.

“मामा,” तिनं विचारलं, “पाणी काळं का दिसायलंय?”

“खोल हाय म्हणून.”

“काठाला बी काळंच हाय की! आन वास कसला येतोय?”

 सटवाजीनं होडी वळवली.

दैवशालेच्या ते आता ध्यानात आलं. मघापासून तिसऱ्यांदा! डोहाच्या वरच्या तोंडाला, जिथं नदी वळण घेऊन डोहात शिरते, तिथं शेरणीच्या दाट झुडपांचा कोपरा होता. होडी त्या बाजूला सरकली, की सटवाजी वल्हं दाबून तिला फिरवत होता. दर वेळी.

“तिकडं जाऊ ना मामा,” ती सहज म्हटल्यासारखं म्हणाली.

“तिकडं काय न्हाई.”

“इकडं तरी काय हाय?”

“तिकडं न्हाई जायचं म्हणलं ना, बाई!” सटवाजीचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग त्यानं मान खाली घातली आणि होडी काठाला लावली. “भाकर खाऊन घ्या. लय दमलात.”

करंजाच्या सावलीत त्यानं भाकरी खाल्ली, डोक्याचं टापरं तोंडावर ओढलं आणि आडवा झाला. तिघं एकमेकांकडे बघत बसले.

“तिथंच लपवलंय त्यानं हिंगणबेट,” वैजीनाथ कुजबुजला. “शंभर टक्के!”

“मग आपल्याला होडीत कशाला घेतलं असतं, शहाण्या?” कोकिळा म्हणाली.

“बघितल्याशिवाय काय कळंना,” दैवशाला उठली. गुडघे कुरकुरले. “चला. चालतच जाऊ.”

चालायचं म्हणजे काठाकाठानं, गुडघाभर गाळातून! एकेक पाय उपटून काढायचा आणि पुढं रोवायचा. अर्ध्या वाटेत वैजीनाथ मटकन बसला. “माझा माणसाएवढा मासा गेला उडत, मला घरी न्या,” तो म्हणाला. दोघींनी त्याला दंडाला धरून उठवला. झुडपांपाशी वास इतका वाढला, की कोकिळेनं ओढणीसारखा पदर नाकाला गुंडाळला. पाण्यावर बुडबुडे येत होते. बुड्. बुड्.

दैवशाला पाण्यात उतरली आणि तिचा पाय सटकला. खाली गाळ नव्हता. काहीतरी बुळबुळीत, लांब, ओळीनं रचलेलं होतं. तिनं हात घालून ओढलं. हातभर काळी, कुजकी काडी वर आली आणि तिची साल धाग्याधाग्यानं सुटली.

“अगं, ही तर अंबाडी!” कोकिळा म्हणाली. “वाख काढायला भिजत घातलीय!”

“इथं? अंबाडीचा खड्डा तर माळाच्या खाली हाय!” वैजीनाथचा थकवा कुठल्या कुठं गेला. “डोहात कुणी घालत न्हाई. आमचा आज्जा म्हणायचा, कुजणारी अंबाडी पाण्याचा जीव खाती!”

अंबाडीच्या पेंढ्यांची थप्पी झुडपांखालून पार आतपर्यंत गेली होती. शंभर असतील, दीडशे असतील. तरंगू नयेत म्हणून वर दगड ठेवले होते. दैवशाला चाचपडत पुढं सरकली. एका दगडाला मधोमध भोक होतं, काठाला टाकीचे घाव. तिनं तो दोन्ही हातांनी पालथा केला.

त्यांच्या घरच्या जात्याची वरची पाळ होती ती. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरात फुटलेली. माय त्या दिवशी लय रडली होती, तिच्या माहेरचं जातं म्हणून.

दैवशाला पाण्यात तशीच उभी राहिली. मग तिला आठवलं, दिवाळीआधी रब्बीच्या पेरणीच्या घाईत बैल मोकळे नव्हते. माळाखालचा खड्डा लांब. आणि आबा गड्याला ओसरीवरून सांगत होते, “सुग्रीव, हितंच जवळ कुठंतरी पाण्यात टाक अन् मोकळा हो.”

“काय झालं गं?” कोकिळेनं विचारलं.

“ही आमची अंबाडी हाय.”

 पाण्यावर बुडबुडे येतच होते.

“सटवाजीमामाला ठाऊक होतं,” दैवशाला हळूच म्हणाली. “म्हणून होडी फिरवत होता. पंचातल्या माणसाचं नाव कसं घेणार? आन माझ्यासमोर?”

“मग काय करायचं? तुझे आबा…”

“आबांनी मुद्दाम न्हाई केलं. त्यांना वाटलं असंल, एवढी मोठी नदी, पेंढ्यांनी काय होतंय? पण मी नुसतं सांगितलं ना, तर सगळे म्हणतील, पोरगी भोयाच्या बाजूनं बोलायली. दाखवावं लागंल!”

काय दाखवायचं ते तिला वळणाच्या वर गेल्यावर सुचलं. तिथं नदी खळाळत वाहत होती, पाणी स्वच्छ होतं, आणि त्यात बोटाएवढी मासळी चमकत होती! वैजीनाथनं अंगातला सदरा काढून त्याची झोळी केली. अर्धा तास धडपडून, दोनदा पालथं पडून, त्यांनी आठ पिल्लं धरली.

“माणसाएवढी!” कोकिळा म्हणाली. पण दमानं तिला नीट चिडवताही येईना.

पंच पारावर बसले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. सटवाजी खाली, धुळीत बसला होता. माणिकराव बोलत होता, आणि कितीतरी वेळ बोलत राहिला असता, पण तेवढ्यात गर्दीतून तीन चिखलानं माखलेली ध्यानं पुढं आली. त्यांच्या हातांत दैवशालेच्या घरची दोन पितळी घंगाळं होती.

“हे काय गं, दैवशाले?” व्यंकटराव दचकले. “काय अवतार हा!”

“आबा, आधी एक सांगा.” तिचा आवाज थरथरला. शाळेत तीनशे पोरांसमोर थरथरला नव्हता! “दोन्हीत चार-चार मासे हायत. यातलं हिंगणबेटाचं पाणी कोणतं?”

पंच वाकले. एका घंगाळात पिल्लं सुळसुळ फिरत होती. दुसऱ्यात पाणी काळपट होतं. तिथली पिल्लं तोंडं वर काढून आ वासत होती, आणि एक कलंडू लागलं होतं.

“लहान पोराला बी कळंल,” व्यंकटराव म्हणाले. “हे हिंगणाचं. बघा की, जीव कोंडायलाय बिचाऱ्यांचा.”

“बघा! बघा!” माणिकराव ओरडला. “मी काय म्हणत होतो?”

दैवशालेनं भराभर ती चारही पिल्लं ओंजळीनं स्वच्छ पाण्यात टाकली. मग ती सरळ उभी राहिली.

“आबा, हे आपल्या विहिरीचं पाणी हाय. त्यात हिंगणबेट न्हाई. त्यात दुपारभर डोहातली अंबाडी बुडवून पिळलीय. आपली अंबाडी. डोहाच्या तोंडाला दीडशे पेंढ्या हायत, आन त्यांच्यावर मायच्या फुटक्या जात्याची पाळ ठेवलीय.”

 व्यंकटरावांनी गर्दीत उभ्या सुग्रीवकडे बघितलं. सुग्रीवनं मान खाली घातली.

“तुमीच म्हणला होता, मालक, जवळ कुठंतरी टाक…”

“म्हणलो होतो,” व्यंकटराव म्हणाले. दोन शब्दच, पण पारावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेले. मग ते खाली उतरले आणि सटवाजीसमोर उभे राहिले. “तुला ठाऊक होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का न्हाईस?”

“कुणापुढं बोलू, मालक?” सटवाजी म्हणाला. “फैसला करणारे तुमीच.”

व्यंकटराव पंचांकडे वळले. ते म्हणाले, “फैसला मी कसा करू? गुन्हा माझा हाय. सटवाजीची होडी डोहातच राहील.” पंचांनी माना डोलावल्या. माणिकराव हळूच उठून चालायला लागला, तेव्हा म्हाताऱ्या धुरपताबाईंनी त्याला हटकलं, “का रे माणिक? आता का घसा बसला?” मग त्यांनी दैवशालेचा चिखलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “बापाचंच पाप बापापुढं मांडलं गं लेकरानं, आन आवाज चढवला न्हाई. शहाण्या माणसाला जमत न्हाई ते!”

 सटवाजीनं घंगाळ उचललं आणि वैजीनाथला म्हणाला, “चल बाबा, तुझी माणसाएवढी मासळी नदीत सोडून येऊ.”

घरी आल्यावर दैवशालेला घासही उचलवेना. सोलवटलेल्या हाताला तिखट झोंबत होतं. तिची माय सुमनबाई शेजारी बसून तिला भाकरी कुस्करून देत होत्या आणि मधेच डोळे पुसत होत्या. व्यंकटराव ताटावर नुसते बसले होते.

“पेरणी उरकली की गडी लावतो,” ते म्हणाले. “आठ-धा दिसांत अंबाडी बाहेर काढू.”

“आठ-धा दिवस मामानं काय खायचं, आबा?”

“पोरी, गडी मोकळे न्हाईत आता.”

“मी मोकळी हाय की.” दैवशालेनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. डोळे मिटत होते, पण आवाज पक्का होता. “माय, मला पहाटे उठव. सुट्टी संपायला सहा दिवस हायत, आन मी रोज डोहात उतरणार. कोकिळा आन वैजीनाथबी येणार हायत. आबा, तुमी आलात तर लवकर उरकंल. न्हाई आलात, तरी मी जाणार.”