सोडा म्हणायचं राहिलं

उस्मानपुऱ्यातल्या एका स्कॅन सेंटरवर धम्मपाल मशीन चालवायचा. छातीचा स्कॅन म्हणजे जेमतेम दोन मिनिटांचं काम. पेशंट आत टेबलावर निजतो आणि धम्मपाल काचेअलीकडून माइकवर सांगतो, "श्वास घ्या. धरा. सोडा." श्वास धरला नाही तर फुप्फुसं हलतात, चित्रं पुसट येतात. मशीनला स्वतःचा आवाज होता, पण तो इंग्रजीत हुकूम सोडायचा आणि खेड्यावरची माणसं बिचारी नुसती छताकडं बघत राहायची.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिवसाला साठ-सत्तर स्कॅन व्हायचे. पेशंटला नाव उरलं नव्हतं, नुसता नंबर. 'सोडा' कुणाला म्हटलं, कुणाला राहिलं, याचंही भान नसायचं. असंच एका दुपारी अजिंठ्याकडचं एक म्हातारं टेबलावर होतं. 'धरा' म्हटलं आणि धम्मपालचा फोन वाजला. 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं. टेबल बाहेर आलं तेव्हा म्हातारा काळानिळा पडला होता. सांगितल्याबिगर श्वास सोडायचा कसा, एवढाच त्यांचा साधाभोळा समज.

"कडुबा म्हणत्यात मला," ते धापा टाकत म्हणाले. "लई धरला, साहेब. तुम्ही सोडा म्हणलाच नाय."

त्याच संध्याकाळी ते गेले. फुप्फुसं आधीच खलास झाली होती, त्यामुळं धम्मपालला कुणी बोल लावला नाही. त्याला स्वतःलाही काही वाटलं नाही. त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं. ती चित्रं मात्र डोक्यात बसली. उजवीकडं वर जुन्या टीबीचा व्रण, आणि एवढी स्थिर, एवढी स्वच्छ चित्रं त्यानं कधी पाहिली नव्हती.

यंदा पुन्हा तापाची साथ आली. मुकुंदवाडीहून त्याची आई, मुक्ताबाई, रिक्षातून आली ती खोकतच. ऑक्सिजन कमी भरला होता. घरी न्यायचं की भरती करायचं, ते स्कॅन बघून सांगतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

"आई, श्वास घे... धर."

तिला कुठलं धरवतंय. काचेपलीकडं तिचं सगळं अंग खोकल्यानं हलत होतं. चित्रं पुसट येणार हे धम्मपाल धरूनच चालला होता.

चित्रं आली ती लख्ख. दोन्ही फुप्फुसं खालपासून पांढरी झालेली, आणि उजवीकडं वर टीबीचा जुना व्रण. त्याच्या आईला टीबी कधीच झाला नव्हता.

धम्मपालनं तो व्रण ओळखला. ही चित्रं डॉक्टरांना दाखवायची कशी? आणि आईच्या छातीत काय आहे, ते कळायचं कसं? आत खोकला थांबला होता. स्पीकरमधून काहीच ऐकू येत नव्हतं, श्वाससुद्धा नाही.

त्यानं माइक जवळ ओढला.

"कडुबामामा," तो अगदी हळू म्हणाला, "सोडा..."

स्पीकरमधून एक श्वास सुटला. खरखरीत, लांबलचक... संपेचना. मग आई पुन्हा खोकायला लागली.

त्यानं दुसऱ्यांदा स्कॅन केला. चित्रं पुसट होती, पण तिची होती. डावीकडं खाली छोटासा डाग, बास. डॉक्टरांनी फोनवर चित्रं बघून गोळ्या लिहून दिल्या आणि घरी न्यायला सांगितलं. धम्मपालच्या जिवात जीव आला. आत जाऊन आईला उठवताना तो कितीतरी वर्षांनी रडला.

मुक्ताबाई त्याच्या खांद्याचा आधार घेऊन टेबलावर बसली.

"धम्मा, म्हातारा गेला बघ," ती म्हणाली. "लई हलका होऊन गेला."

"कोण म्हातारा, आई?"

"माझ्या उशाशी होता त्यो. पर बाकीचे तसेच हायेत की रं." तिनं मशीनच्या मागच्या भिंतीकडं पाहिलं. "गाल फुगवून उभे हायेत सगळे. त्यांचीबी नावं घे की... वाट बघत्यात."

धम्मपाल त्या भिंतीकडं बघत आठवत राहिला. नंबर पुष्कळ आठवले. नाव एकही आठवेना.