मनगटावरचा धीर

तातडीच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या मनगटावर आता चंदेरी धीरपट्टी बांधली जाई. आल्या क्रमानं मिळणारी टोकनं बंद झाली होती.

"नाडी, घाम, रक्तातला प्राणवायू, सगळं ही पट्टी वाचते," ती बनवणारे डॉ. तन्वीर मुजावर इन्चार्ज सिस्टर फिलोमिना गायकवाडांना पहिल्या दिवशी म्हणाले होते. "आणि हे शरीर उपचारांवाचून किती थांबू शकेल, ते सांगते. तो त्याचा धीरांक. ज्याचा कमी, त्याच्याकडे नर्स आधी."

"आणि आरडाओरडा करणाऱ्याकडे?"

"ओरडायला ताकद लागते, सिस्टर. तो थांबू शकतो."

फिलोमिनांना हे पटलं होतं. त्यांच्या हाताखालच्या नर्स मुलींची उगाच होणारी धावपळ थांबली होती. त्या आता वेळेवर डबा खात होत्या. पण आज चाचणीचा शेवटचा दिवस होता. यंत्रानं खोटी हाक दिली, तर पुन्हा टोकनं येणार होती. रुग्णालयाचे अधीक्षक पाहणीला येतच होते.

तेवढ्यात सगळ्यांचे धीरांक दाखवणारा भिंतीवरचा फलक लाल झाला. भिकाजी खरात, धीरांक घसरतोय.

फिलोमिना दोन नर्सेसना घेऊन धावल्या. भिकाजी खाटेवर बसून मोसंबं सोलत होते. रक्तदाब उत्तम, छाती स्वच्छ.

"मला काय धाड भरलीय? पाय तेवढा सुजलाय," ते म्हणाले.

"ह्या वयात शेवग्यावर चढतात का, काका?"

"हिला शेंगांची आमटी खायची होती."

"हाताला येतील तेवढ्या तोडा म्हटलं होतं," शेजारी स्टुलावर बसलेल्या यमुनाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "शेंड्यावर जायला कुणी सांगितलं?"

तन्वीर हातातला टॅब सांभाळत आले. "अजून घसरतोय. यंत्र बिघडलंय. सिस्टर, तुमच्या दोघी इथं अडकल्यात आणि बाहेर माणसं खोळंबलीत. मी ही पट्टी बंद करतो."

"थांबा, काढूनच देते." फिलोमिनांनी भिकाजींचा हात उचलला. मनगट मोकळं होतं. "काका, पट्टी कुठंय?"

"एक्स-रेवाले म्हणाले, हातातलं सगळं काढा. काढून हिच्याकडं दिलं."

"हरवायला नको, म्हणून मीच घातलं," यमुनाबाईंनी हात पुढे केला. बांगड्यांच्या वर नवऱ्याचं घड्याळ, त्याच्या वर पट्टी. मनगट घामानं थबथबलं होतं.

फिलोमिनांनी नाडीवर बोटं ठेवली. "मावशी, काही होतंय?"

"काही नाही. सकाळपासून जबडा दुखतोय, पाठ भरून आलीय. आधी ह्यांचं बघा."

भिकाजी एका पायावर खाटेवरून उतरले. मोसंबं घरंगळत गेलं. "हिला घ्या! हिला घ्या आधी!"

ईसीजीच्या कागदावर हृदयविकाराचा झटका दिसला, तशी फिलोमिनांनी हृदयविभागाला हाक दिली.

अधीक्षक आले तेव्हा यमुनाबाईंना आत नेलं होतं. "यंत्र चुकलं म्हणे?"

"मी चुकलो," तन्वीर म्हणाले. "पट्टीला नाव वाचता येत नाही, शरीर वाचता येतं. आणि रुग्णासोबत आलेल्या माणसाला पट्टी द्यायचं मला सुचलंच नव्हतं."

बाहेर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या भिकाजींच्या मनगटावर फिलोमिनांनी दुसरी पट्टी बांधली.

"आता मला कशाला? मला काही झालेलं नाही."

"मावशी पण हेच म्हणत होत्या."

फलकावर दोन आकडे शेजारी उमटले. भिकाजींचा बराच खाली होता. एक नर्स पाणी घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. थोड्या वेळानं आत यमुनाबाईंचा आकडा हळूहळू चढू लागला. नर्सनं तो भिकाजींना बोटानं दाखवला.

त्यांचाही चढू लागला.