दहावा फोटो

पटत नसेल तर इथेच थांबा. वाद घालायला मी बसलेलो नाही. हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय, आणि तिच्या तोंडून ऐकताना मला मधेच उठून बाहेर जावं लागलं होतं.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. बुधवारची भर दुपार, ऑफिसचा वरचा मजला, सगळे दिवे चालू.

ताई टेस्टर आहे. कंपनीची साइट भाड्याच्या घरांची. लोक घराचे फोटो टाकतात, ते नीट दिसतात की नाही हे ताई तपासते. हाताने नाही, स्क्रिप्ट लिहून. कॉम्प्युटर स्वतःच ब्राउझर उघडतो, पान खाली सरकवतो, एकेक फोटो समोर आणतो आणि त्याचं चित्र टिपून ठेवतो. सरकवावंच लागतं. त्या पानावरचा फोटो समोर आल्याशिवाय उघडतच नाही.

त्या दुपारी एका घरावर स्क्रिप्ट अडकली. मालकाने फोटो टाकले होते नऊ. स्क्रिप्टला सापडले दहा.

ताईने माऊसने पान सरकवून पाहिलं. नऊच.

परत स्क्रिप्ट लावली.

दहा...

शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला, "अगं, रिकामा चौकोन राहिला असेल कोडमध्ये. काय टिपलंय ते उघड की."

ताईने उघडलं.

बाथरूमची मोरी. अगदी जवळून. पिवळट पडलेल्या फरश्या, मधे जाळी. आणि जाळीच्या भोकांतून वर आलेला... केसांचा पुंजका. ओला. पांढरा. त्यावर साबणाचा बुळबुळीत थर. त्यात अडकलेला नखाचा तुकडा.

"शी! घर भाड्याने द्यायचंय की लोकांना पळवून लावायचंय?" ताई म्हणाली. दाढीवाला हसला.

खात्री करावी म्हणून तिने पुन्हा स्क्रिप्ट चालवली.

यावेळी जाळी बाजूला सरकलेली होती.

केस फरशीवर पसरले होते. गुंता सोडून, सरळ... बघणाऱ्याच्या दिशेने.

दाढीवाल्याचं हसू गेलं. त्याने नाक मुरडलं. "कुणाचा डबा नासलाय का गं? काय घाण येतेय!"

वास ताईलाही आला होता. तुंबलेल्या मोरीचा. गोडसर, कुजका. नाकातून सरळ जिभेवर उतरणारा. ती पाणी प्यायली तर पाण्यालाही तीच चव.

तोंडावर हात दाबून ती धावली.

बेसिनवर वाकली आणि दुपारचं जेवण सगळं बाहेर पडलं. नळ सोडला, चूळ भरली. तरी घशात काहीतरी टोचत होतं.

तिने बोट घातलं... आणि टोक हाताला लागलं.

केस.

ताईचे केस काळे, कानाच्या वर कापलेले. हा पांढरा होता. ती ओढत गेली. तो येत गेला. हातभर आला, बेसिनमध्ये लोंबला, तरी संपेना. प्रत्येक ओढीला पोटात आत काहीतरी सुटत असल्यासारखं वाटायचं.

मग तो तुटला.

आणि उरलेलं टोक... परत घशातून खाली गेलं. ते उतरताना तिला कळत होतं.

ती जागेवर आली. दाढीवाला खुर्ची मागे ढकलून उभा होता. ती नसताना त्याने स्क्रिप्ट पुन्हा लावली होती.

"बघू नकोस," तो म्हणाला.

ताईने पाहिलं.

मोरी नव्हती. गोल, काळ्या कडांचं चित्र. खालून वर काढलेलं. पाइपच्या आतून, बेसिनच्या भोकांमधून. वर एक उघडं तोंड. दात, लाळेची तार... आणि तोंडातून खाली येणारा एक पांढरा केस. खालून कुणीतरी धरल्यासारखा ताठ.

तोंड ताईचं होतं.

टीमच्या मॅडमनी मालकाला फोन लावला.

"बाथरूमचा फोटो? मी टाकलाच नाही," तो म्हणाला. "टाकणार कसा? पाणी तुंबायचं म्हणून त्या दारापुढे भिंत घातलीय मी."

"तिथे आधी कोण राहायचं?"

"एक म्हातारी. एकटीच होती. सोडून गेली."

"कधी?"

"सामान न्यायला येते म्हणाली... आली नाही."

मॅडमनी पोलिसांना कळवलं. भिंत फोडली. आत काहीही नव्हतं. कोरडी, लखलखीत बाथरूम. जाळी जागेवर. एक केस नाही. डॉक्टरांनी ताईच्या घशात नळी घालून पाहिलं, तिथेही काही नाही. दाजी तर म्हणाले, "कामाचा ताण, दुसरं काय?"

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. खरं सांगतो, वाटावं अशी इच्छा होती.

परवा ताई आमच्याकडे जेवायला आली. छान गप्पा चालल्या होत्या. आणि एकदम तिचा घास थांबला.

"काय गं?" मी विचारलं.

तिने मान हलवली. बायकोने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने घेतला नाही. दोन बोटं तोंडात घातली. बाहेर काढली तेव्हा चिमटीत पांढरा केस होता, लाळेने चमकणारा. दुसरं टोक आत.

तो तिच्या चिमटीतून हळूहळू बाहेर सरकत होता.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. "ताई, ओढू नकोस!" मी ओरडलो. "तुटेल परत!"

तिचे डोळे भरून आले. दातांवर दात न टेकवता ती कशीबशी बोलली.

"मी ओढत नाहीये रे... मी नुसता धरून ठेवलाय."