तड्यावरची पट्टी

"अहो, काठावरून मागे व्हा!"

तिचे त्याच्याशी पहिले वाक्य हे, आणि ते प्रेमात पडण्याजोगे मुळीच नव्हते. तो त्याच दिवशी रुजू झालेला आरेखक. उत्खननात जे निघेल ते कागदावर उतरवणारा. ती हाडांची अभ्यासक. लेखनकला अवगत नसलेल्या काळातल्या एका वस्तीच्या दफनभूमीत, दहा-बारा फूट खोल खड्ड्यात, गुडघे पोटाशी घेऊन निजलेल्या एका स्त्रीचा सांगाडा ती ब्रशने मोकळा करत होती. मागे होताना त्याच्या पायाखालचे ढेकूळ सुटले, ते नेमके तिच्या हेल्मेटवर.

खाली उतरलेल्याशी काठावरच्या माणसाने सतत बोलत राहायचे, असा तिथला नियम होता. ही कामगिरी त्याच्या वाट्याला आली… आणि त्याने ती आनंदाने पार पाडली.

मग काही दिवसांनी पाऊस झाला. खड्ड्याच्या ओल्या भिंतीला तडा गेला. तड्यावर प्लास्टरची पातळ पट्टी बसवली गेली. भिंत केसभर हलली तरी पट्टी तडकणार होती. टेकू उद्या येणार होते, पण उघडी पडलेली कवटी त्या ओलीत उद्यापर्यंत टिकणार नव्हती. म्हणून ती उतरली.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. घनमीटरभर ओली माती सुमारे दोन टन भरते, यावर होता.

"बोला ना. गप्प का झालात?"

"विषय संपले. मावशीचे गुडघे झाले, घरमालकाचं कुत्रं झालं…"

"मग तुमचं लग्न का जमत नाही, ते सांगा."

"मावशी म्हणते, मी नको तितकं बोलतो."

"मावशींचं निरीक्षण अचूक आहे."

"आणि तुमचं मत?"

"पुरावा अपुरा आहे," ती म्हणाली, आणि उगाचच हसली.

कवटीच्या डोळ्याच्या खोबणीत मातीचे चार कण पडले. तिने ते झटकले. पुन्हा पडले. वरून आवाज नव्हता. तिने मान वर केली.

"आहात ना?"

"आहे." आवाज बदललेला होता. "वर या. एक सांगायचंय."

"सांगा की, ऐकू येतंय."

"तुम्ही मला आवडता. उत्तर वर येऊन द्या. आत्ता!"

"आत्ता? अहो, ही कवटी…"

"ती हजारो वर्षं थांबलीय. मला थांबवत नाही!"

चिडून, लाजून, ब्रश तिथेच टाकून ती शिडी चढली. शेवटच्या पायरीवर त्याने मनगट धरून तिला खेचले. मागे धप्पकन आवाज झाला. तिने वळून पाहिले. जिथे तिचे गुडघे टेकलेले होते, तिथे आता छातीभर माती होती. ढिगाऱ्यावर पट्टीचा एक तुकडा पांढरा दिसत होता.

"म्हणजे… पट्टी तडकली होती."

"हो."

"मग तसं का नाही म्हणालात?"

"तुम्ही आधी कवटी उचलायला गेला असतात."

भीती संपली नव्हती. आता ती निराळी होती, आणि तिचे वजन कुठल्याच कोष्टकात सापडणार नव्हते.

"आणि जे बोललात, ते… मला वर आणण्यापुरतं?"

त्याने तिचे मनगट अजून सोडले नव्हते. "पट्टी आज तडकली. ते तर ढेकूळ पडलं त्या दिवसापासूनचं आहे."

"साक्षीदार?"

"मावशी. ऐकून ऐकून तिचे कान किटलेत."

ती हसायला गेली. डोळेच भरून आले.

"हात सोडू नकोस एवढ्यात," ती म्हणाली. "आणि उद्या टेकू लागले, की काठावर तूच बसायचंस."