मावशींचे पाय कोणी धरले होते?

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मी वाद घालत बसणार नाही.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीची आहे. ताई अग्निशमन दलात आहे. पेटत्या स्वयंपाकघरातून गॅसचं सिलिंडर उचलून बाहेर आणणारी बाई. घरात पाल निघाली तर आम्ही सगळे खुर्चीवर चढतो आणि तिला हाक मारतो. ती थापा मारत नाही. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

गावाचं नाव लिहायचं नाही, या अटीवर तिने मला हे लिहू दिलं.

आणि हो... हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलंय. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं.

धान्याचं एक मोठं गोदाम. त्याला लागूनच कपडे शिवायचा कारखाना. मधे एकच भिंत. धान्याला कीड लागू नये म्हणून गोदामात विषारी गोळ्या ठेवल्या होत्या. त्यातून गॅस निघतो आणि किडे मरतात. माणूसही मरतं. म्हणून गोदामाच्या सगळ्या फटी चिकटपट्टी लावून बंद केल्या होत्या.

पण मधल्या भिंतीत, वरच्या बाजूला, पाइपसाठी पाडलेलं एक भोक तसंच राहिलं होतं.

कारखान्यात आधी एकीचं डोकं दुखायला लागलं. मग दुसरीला मळमळलं. कोणीतरी म्हणालं, "सडक्या मासळीचा वास येतोय. कुणाचा गं हा डबा?" सगळ्या हसल्या.

डबा कोणाचाच नव्हता.

ताईची गाडी पोचली तेव्हा बायका रस्त्यावर बसून ओकत होत्या. ताईच्या साहेबांनी सगळ्यात आधी वीज तोडायला लावली, कारण हा गॅस ठिणगीने पेट घेतो. पाणीही मारायचं नव्हतं. त्या गोळ्यांना पाणी लागलं की गॅस आणखी सुटतो. म्हणजे बंबात पाणी काठोकाठ, आणि त्याचा उपयोग शून्य.

कारखान्याचे कटिंग मास्तर धावत आले. "साहेब, एक बाई कमी आहे! आमच्या काजवाल्या मावशी. मागच्या खोलीत असतात त्या."

मावशी शर्टाला काजं करायच्या. कानाने जरा कमी ऐकू यायचं. बाहेरचा आरडाओरडा त्यांना कळलाच नसणार.

ताई आणि तिचा जोडीदार आत निघाले. त्याला सगळे 'वकील' म्हणतात, कारण तो प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क. असं आत जाताना एक नियम असतो. पुढचा वाट काढतो, मागचा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. तो हात सुटू द्यायचा नाही.

ताई पुढे होती.

आत अंधार होता. ऊन येऊ नये म्हणून खिडक्यांना जाड कापड लावलेलं. बॅटरीच्या उजेडात कापसाचे तंतू तरंगत होते. मशीनवर अर्धवट शिवलेल्या बाह्या लोंबत होत्या. एका खुर्चीखाली चपला... घालायलाही वेळ मिळाला नव्हता.

थोडं आत गेल्यावर वकीलने तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. तिला वाटलं, म्हणतोय, चल पुढे.

ती पुढे निघाली. खांद्यावरचा हात तसाच होता.

तेवढ्यात तिला आवाज आला...

खर्रर्र... खर्रर्र...

मागच्या खोलीत कोणीतरी मशीन चालवत होतं.

ताईला आधी बरंच वाटलं. मावशी शुद्धीवर आहेत! ती भराभर चालायला लागली. आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं.

वीज तोडली होती.

पायाने चालणारं एकही मशीन तिथे नव्हतं. सगळी मोटरवरची.

खर्रर्र...

"वकील, ऐकतोयस ना?" ती मास्कमधूनच ओरडली.

उत्तर नाही. तिला जरा नवलच वाटलं. हा माणूस झोपेतही उत्तर देतो.

तिने मागच्या खोलीचं दार ढकललं, आणि मशीन थांबलं. बॅटरीचा झोत टाकला तेव्हा मशीनचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. मशीनसमोरची खुर्ची रिकामी.

मावशी खाली पडल्या होत्या. मशीन आणि कापडाचे तागे यांच्या मधल्या सांदीत, पालथ्या. श्वास चालू होता, पण अगदी बारीक.

ताईने त्यांना उताणं केलं आणि काखेत हात घातले. "पाय धर!" ती म्हणाली.

खांद्यावरचा हात निघाला.

मावशींचे पाय उचलले गेले.

मावशी चांगल्या अंगापिंडाच्या. पण ओझं निम्मं झालेलं ताईला स्पष्ट कळलं. ती पाठमोरी, एकेक पाऊल मागे सरकत दाराकडे निघाली. बॅटरी तिच्या छातीवर अडकवलेली. तिचा उजेड मावशींच्या अंगावर, त्यांच्या गुडघ्यापर्यंत पडत होता. त्यापुढे अंधार.

आणि तेव्हा तिला ते जाणवलं...

मास्क लावला की श्वासाचा आवाज होतो. आत घेताना सुस्स, सोडताना फुस्स. आपला येतो, जोडीदाराचाही येतो. किती वर्षं ती हे ऐकत आली होती.

आता एकच आवाज येत होता.

तिचा.

तिने मुद्दाम श्वास रोखला. मला सांगताना ती इथे थांबली होती. हातातला रुमाल पिळत राहिली, मग म्हणाली, "काहीच नाही रे. समोर कोणीतरी पाय धरून उभं आहे... आणि श्वासच नाही."

"वकील?"

शांतता.

"वकील, बोल काहीतरी!"

तेवढ्यात पायांच्या बाजूने हिसका बसला. मागे. खोलीच्या आत.

तिने दाराकडे ओढलं. पलीकडून आत ओढलं गेलं. जोराने नाही... सावकाश. एखाद्या हट्टी पोराच्या हातून आपण वस्तू सोडवून घेतो ना, तसं. मावशींच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला.

ताईच्या टाकीची शिट्टी वाजायला लागली. हवा संपत आली की ती वाजते. भीतीने माणूस भसाभसा श्वास घेतो, आणि हवा लवकर संपते.

एरवी ताई देवाचं नाव फारसं घेत नाही. तेव्हा तिने आमच्या आईला हाक मारली. मोठ्याने. लहानपणी मारायची तशी. आणि दारावर पाय रोवून, सगळा जीव काढून ओढलं.

पाय सुटले.

धप्पकन सगळं ओझं तिच्या अंगावर आलं. मग तिने मागे पाहिलं नाही. मावशींना फरफटत, मशीनना धडकत, ती बाहेर निघाली. दुसरी जोडी मास्क चढवून आत शिरतच होती. त्यांच्या पायांशी ती कोसळली.

डोळे उघडले तेव्हा समोर वकील होता.

रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसलेला. तोंडाला ऑक्सिजन. डोळे लाल.

"काय गं ताई?" तो चिडूनच म्हणाला. "माझा मास्क गळत होता. दोनदा थोपटलं ना मी तुला, मागे फीर म्हणून? मी बाहेर आलो, तू आपली सरळ आतच! वायरलेसवर सगळे ओरडतायत, तू उत्तर देशील तर शपथ!"

ताईच्या वायरलेसवर आतमध्ये एक अक्षरही आलं नव्हतं.

"किती आत आला होतास तू?" तिने विचारलं.

"पहिल्या मशीनपर्यंत."

ताईने आपल्या खांद्याकडे पाहिलं.

मावशी वाचल्या. बरेच दिवस दवाखान्यात होत्या, पण वाचल्या. ताई भेटायला गेली तेव्हा तिथली नर्स म्हणाली, "यांना पायाला धरून ओढत आणलं का हो? जरा सांभाळून आणायचं."

दोन्ही घोट्यांवर काळेनिळे वळ होते. बोटांचे.

मावशींना काही आठवत नव्हतं. चक्कर आली, खाली पडले, एवढंच. मग जरा विचार करून म्हणाल्या, "पण माझ्या मशीनवर कोण बसलं होतं गं? मी पडले तरी ते चालूच होतं. मला एरवी धड ऐकू येत नाही, ते मात्र येत होतं."

ताईने नंतर मास्तरांना गाठलं. तिथे पूर्वी कोणी बाई गेली होती का? काही अपघात? मास्तर हसले. इमारत नवी, त्याआधी मोकळं माळरान. कोणी मेलं नाही, काही झालं नाही. गोदाम उघडून हवा खेळती केल्यावर तेही कोपरान् कोपरा पाहिलं. आत फक्त पोती.

एखादी मेलेली बाई निघाली असती तर बरं झालं असतं, असं ताई म्हणते. निदान कोण होतं ते कळलं असतं.

तिने नोकरी सोडली नाही. पण आता आत जाताना ती वकीलला सतत बोलायला लावते. काहीही. पाढे म्हण, बायकोच्या तक्रारी सांग. त्याला काय, आयतंच कोलीत मिळालं.

परवा एका कारखान्यात गॅस गळती झाली. पुन्हा हेच दोघं. ताई पुढे, वकील मागे, तिच्या खांद्यावर हात ठेवून. त्याची बडबड चालूच.

आणि मधेच तो गप्प झाला.

बाहेर आल्यावर ताईने विचारलं, "थांबलास का रे?"

वकील म्हणाला, "म्हणजे? तूच माझ्या खांद्यावर हात ठेवलास ना? मला वाटलं, गप्प बस म्हणतेयस."

मी ताईला विचारलं, "मग? तू काय म्हणालीस?"



"मी म्हणाले, हो. मीच ठेवला."

वकीलला अजून खरं माहीत नाही. तो असल्या गोष्टी वाचत नाही, एवढीच मला आशा आहे.

उद्या त्या दोघांची ड्यूटी आहे...