चावी जोडलेली आहे

ही घडलेली गोष्ट आहे. ज्या घरात घडली ते जुळे सोलापुरात आजही उभं आहे. तिथल्या मागच्या खोलीतला काळा डबा आजही चालू आहे. ज्यांना पटणार नाही, त्यांना पटवायची कुणाची इच्छा नाही.

रात्र नव्हती. १५ मे, गुरुवार, दुपारचे दोन. बाहेर चव्वेचाळीस अंश. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.

वैजयंती मागच्या खोलीत एकटी बसली होती. रागात होती.

तिचे वडील गुरुबसप्पा चार मेला पहाटे गेले. ती नागपूरहून लगेच निघाली. सहापर्यंत पोचते, असं तिने धाकट्या भावाला, कुमारला, तीनदा फोन करून सांगितलं. कुमारने दोनलाच सगळं उरकलं. ती आली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत माणसं होती. अप्पा नव्हते.

“मे महिना हाय अक्का. किती वेळ ठेवणार?” एवढंच तो म्हणाला होता.

आज त्याला अकरा दिवस झाले. आणि आज कुमार डब्यातल्या डिस्क न्यायला येणार होता.

डबा म्हणजे अप्पांचा स्टोरेज सर्व्हर. अप्पांचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. भजनी मंडळं, रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, असली कामं. त्यांचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, पण त्याआधी अप्पांनी त्याची हुबेहूब नक्कल या डब्यात उतरवली. व्हर्च्युअल मशीन. खोका गेला, आतला कॉम्प्युटर मात्र रेकॉर्डिंगच्या जुन्या प्रोग्रामसकट डब्यात चालू व्हायचा.

त्या प्रोग्राममध्ये अव्वाचा आवाज होता.

अव्वा, म्हणजे वैजयंती आणि कुमारची आई जगदेवी, आठ वर्षांपूर्वी गेली. तिने गायलेली बत्तीस वचनं, म्हणजे कन्नड भक्तिपदं. दुसरी प्रत कुठंच नाही. वैजयंती मागायची तेव्हा अप्पा म्हणायचे, “मिक्सिंग राहिलंय अजून.”

आठ वर्षं मिक्सिंग! त्याचाही राग होताच.

फोन वाजला. कुमार.

“अव्वाची गाणी निघाली का काय? सीसीटीव्हीचं गिऱ्हाईक दुकानात येऊन बसलंय. त्या दोन्ही डिस्क मला लागणार. सहाला येतो.”

“मशीन चालूच होत नाहीये.”

“मग सोड की. अकरा दिवस झाले डबा बंद हाय. मीच वायर काढलीय, अप्पा गेले त्या दिवशी सकाळी.”

“कोणी सांगितलं होतं काढायला?”

“बिल काय तू भरणार?”

तिने फोन कापला.

डब्याची वायर तिने आज सकाळीच परत जोडली होती. तिने पुन्हा ‘स्टार्ट’ दाबलं. मेमरी अपुरी. तिने आठ जीबीची चार केली. पुन्हा दाबलं. कधीकाळी जोडून ठेवलेल्या सीडीची फाइल सापडत नव्हती. तिने ती सीडीच काढून टाकली.

तिसऱ्यांदा…

‘यूएसबी डिव्हाइस सापडत नाही.’

चावी! अंगठ्याएवढा काळा तुकडा, पेन ड्राइव्हसारखा. तो डब्याला लावल्याशिवाय प्रोग्राम उघडायचाच नाही. प्रोग्राम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. दुसरी चावी मिळणार नव्हती.

तिने टेबलाचे खण उपसले. कपाट, अप्पांचे शर्ट, चष्म्याचं घर. नाही. शेवटी तिने कुमारलाच फोन लावला.

“अप्पांची काळी चावी कुठाय?”





“गळ्यात होती. हरवू नये म्हणून लिंगाच्या दोऱ्यातच बांधलेली त्यांनी.”

“मग?”

“लिंग काढत न्हाईत गं अक्का. तळहातावर ठेवतात. दोरा सोडायला गेलो तर स्वामी म्हणाले, राहू दे तसंच. मग राहिली.”

तिच्या लिंगायत घरात मृताला जाळत नाहीत. बसवतात. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, विभूती लावून, बसल्या अवस्थेत मातीत.

म्हणजे चावी मातीत होती. अप्पांच्या हातात.

“मी असते तर सोडवून घेतली असती,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “चार तास, कुमार. चार तास तुला थांबता आलं नाही!”

तिने फोन टेबलावर आपटला.

आणि वीज गेली.

पंखा थांबला. शेजारचा कूलर थांबला. डबा तेवढा बॅटरीवर होता, आणि पडदा. एरवी बॅटरी दर काही सेकंदांनी बीप करते. त्या दिवशी केलं नाही.

सगळं गप्प.

मग डब्यात डिस्क फिरू लागल्या… खर्र… खर्र…

तिने काहीच दाबलं नव्हतं.

पडद्यावर जुना विंडोज उघडला. कोपऱ्यात एक ओळ आली.

‘चावी जोडलेली आहे.’

ती उठली. डबा फिरवला. मागची चारही भोकं बोटांनी चाचपली.

रिकामी.

प्रोग्राम आपोआप उघडला. एकच ट्रॅक दिसत होता, लाल. रेकॉर्डिंग चालू. वर त्याची लांबी होती: अकरा दिवस, शून्य तास, चोवीस मिनिटं. सेकंद पुढे सरकत होते.

अकरा दिवस डबा बंद होता. माइक तर लोखंडी कपाटात, गुंडाळून ठेवलेला.

तिने हेडफोन लावला आणि ट्रॅक सुरुवातीला नेला.

आधी घसा खाकरल्याचा आवाज. दोनदा. मग अप्पा म्हणाले,

“चालू.”

कुठलंही रेकॉर्डिंग ते याच शब्दाने सुरू करायचे.

मग फावडं. मातीचा पहिला ढीग. दुसरा. आवाज बोथट होत गेला. आणि वरून, लांबून, कुमार…

“उरका, उरका. ती आली की रडारड. संध्याकाळ होईल हितंच.”



वैजयंती रेकॉर्डिंगवाल्याची मुलगी. डोळे मिटून खोली केवढी आहे हे सांगायची. भिंत किती लांब, छत किती उंच, सगळं आवाजात असतं. या आवाजात भिंत नव्हती. छत नव्हतं. खोलीच नव्हती.

फक्त श्वास होता. अगदी माइकजवळ.

आत… बाहेर… आत…

तिने हेडफोन काढला. लाल रेघ हलतच होती. त्याच लयीत.

वीज तासाभरात आली. कुमार सहाला आला. स्क्रूड्रायव्हर हातातच.

“झालं का? सरक, दोन मिनिटांचं काम हाय.”

तिने हेडफोन त्याच्या कानांवर ठेवला आणि ट्रॅक पहिल्यापासून लावला.

‘चालू’ ऐकल्यावर तो हसला. “अप्पांचं जुनं काय तरी…”

मग हसू गेलं.  त्याने हेडफोन ओरबाडून काढला.

“कोण रेकॉर्ड करत होतं? तिथं मोबाइलपण न्हवता गं कुणाच्या हातात. स्वामींनी ठेवायला लावले होते बाहेर.”

“तू म्हणालास का ते?”

“अक्का…”

“म्हणालास का?”

“व्हय.”

तो खाली फरशीवरच बसला. तिला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

मग तो म्हणाला, “बंद कर ते. स्टॉप दाब आणि अव्वाची गाणी काढून घे. जाऊ आपण.”

अडचण तिथंच होती. रेकॉर्डिंग चालू असताना प्रोग्राम दुसरं काहीही उघडू देत नाही. अव्वाची बत्तीस वचनं हवी असतील तर आधी अप्पांचा ट्रॅक थांबवायला हवा. स्टॉपचं बटण समोर होतं.

“तूच दाब,” ती म्हणाली. “घाई तुला असते.”

त्याने हात पुढे केला. बोट बटणापर्यंत गेलं.

हेडफोन टेबलावर पडला होता. त्यातला श्वास थांबला. लाल रेघ सपाट झाली.

जणू कुणी कान देऊन वाट बघतंय…

कुमारने हात मागे घेतला. श्वास पुन्हा सुरू झाला.

तो डिस्क न नेता गेला. परवा येऊन एक नवी कोरी डिस्क ठेवून गेला. जुन्या दोन्ही भरत आल्यात, तेवीस दिवसांची जागा उरलीय, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं.

वैजयंती अजून नागपूरला परतलेली नाही. रोज दुपारी त्या खोलीत जाते. हेडफोन लावते. शिव्या द्याव्यात असं मनात असतं. अप्पांना, कुमारला. देत नाही. ऐकते.

काल श्वासाच्या मागे आणखी काहीतरी होतं. फार बारीक, फार खोल. सूर लावल्यासारखं… बाईचा आवाज असावा.

ओळखू येण्याआधीच तिने हेडफोन काढून ठेवला.