फळीमागचा हात

दर रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या माडीवर सरांचा वर्ग भरायचा. 'मेंदूशी पहिली ओळख', दहा रविवार, वयाची अट नाही. सर शिकवायचे मात्र झकास. "वजन जेमतेम दीड किलो," ते म्हणायचे, "पण रुसलेल्या जावयासारखा घरातल्या अन्नाचा पाचवा वाटा एकटा खातो." लोक हसले की सरांना आणखी चेव चढायचा. हशाची त्यांना फार गोडी. तास संपत आला की त्यांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे जायचे, कारण मनगटी घड्याळ त्यांनी आयुष्यात कधी बांधलं नव्हतं.

तिसरा रविवार रबरी हाताचा असे. टेबलावर रबराचा डावा हात, त्याला लागून एक उभी फळी आणि फळीआड बसलेल्याचा खरा डावा हात, त्याचा त्याला दिसणार नाही असा. मग सर दोन ब्रश घेऊन दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच जागी फिरवत. दोन-तीन मिनिटांत मेंदू फसतो आणि समोर दिसतो तोच हात आपला मानून मोकळा होतो.

या खेपेला पोस्टातून निवृत्त झालेले काका बसले होते. ब्रश फिरत असताना ते एकदम ओरडले, "अहो, टोचताय काय?"

सरांच्या दोन्ही हातांत मऊ ब्रशच होते. सगळे खो खो हसले, सरही हसले. मेंदू नसलेलंही दाखवतो, असं त्यांनी समजावून दिलं आणि वर्ग सुटला.

पुढच्या रविवारी खालच्या कोपऱ्यावर शिवणाचं दुकान चालवणाऱ्या ताई हट्टानं पुन्हा रबरी हात मांडायला लावून खुर्चीत बसल्या. त्या ओरडल्या नाहीत. थोड्या वेळानं शांतपणे म्हणाल्या, "टाचणी टोचली."

"सुई टोचल्यासारखं वाटलं, असं म्हणा," सर म्हणाले.

"सुई नव्हे. सुई सरळ आत जाते. टाचणी आधी कातडी दाबते, मग शिरते. तीस वर्षं बोटं टोचून घेतलीत सर, मला नका शिकवू." त्यांनी मनगटाच्या जरा खाली बोट ठेवलं. "इथं."

"किती वेळा?" सरांना विचारायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

"तीनदा. पहिल्या दोन पाठोपाठ. तिसरी जरा थांबून, मुद्दाम दिल्यासारखी."

सरांनी ब्रश खाली ठेवले. तब्येतीचं कारण सांगून त्यांनी वर्ग अर्ध्यावर सोडला आणि जिन्यात कठडा धरून कितीतरी वेळ उभे राहिले.

अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांनी आपल्या वडिलांना चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. वडील बसड्रायव्हर होते. मेंदूच्या उजव्या भागात रक्तस्राव झाला आणि डावा हात त्यांना परका झाला. हलत नव्हताच, पण आपला आहे हेही त्यांना पटत नव्हतं. असं उदाहरण घरात असताना पुस्तकातलं चित्र कशाला दाखवायचं, असा सरांनी हिशेब केला. बहीण नको नको म्हणत होती.

"बाबा, हा हात कोणाचा?" त्यांनी भरल्या वर्गात विचारलं होतं.

"काय की. राहिला असेल कुणा प्रवाशाचा गाडीत," वडील म्हणाले. वर्ग हसला.

मग सरांनी सूचनाफलकावरची टाचणी काढली आणि वडिलांच्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्यानं पडलेल्या पांढऱ्या वळाखाली टोचली. वडील हलले नाहीत. पुन्हा टोचली. तेव्हा वडिलांनी त्या हाताकडे पाहिलं. "अरे, टोचू नकोस," ते काकुळतीनं म्हणाले. "ज्याचा असेल त्याला लागत असेल ना."

वर्ग आणखी मोठ्यानं हसला. आणि त्या हशासाठी, केवळ त्या हशासाठी, सरांनी तिसरी टाचणी टोचली.

वडील वाकून त्या परक्या हातावर फुंकर घालत राहिले. चार महिन्यांनी ते गेले. वर्गाच्या त्याच रात्री हातावरचे ठिपके पाहून बहिणीनं विचारलं, तेव्हा सरांनी "एकदाच, तपासायला" असं सांगून वेळ मारून नेली होती. जनाची नाही तर मनाची लाज असते म्हणतात. सरांना जनाची लाज तेवढी सांभाळता आली.

पाचव्या रविवारी सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, तिसऱ्या टाचणीसकट. कुणी हसलं नाही. मग ते स्वतः खुर्चीत बसले आणि डावा हात फळीआड ठेवला.

"ताई, आधी ब्रश फिरवा. मग टाचणी घ्या. तीनदा टोचा, खऱ्या हातावर."

"भलतंच काय सर! झालं गेलं, आता सोडा."

"मला लागायला हवं, ताई."

ताईंनी ब्रश फिरवले. समोरचा रबरी हात हळूहळू आपला वाटू लागला. मग ताईंनी पदराची टाचणी काढली. सरांनी डोळे मिटून दात आवळले.

वाट पाहिली.

"टोचा ना," ते म्हणाले.

"टोचलं की."

"कधी?"

"तिन्ही झाल्या, सर." ताईंनी टाचणी टेबलावर ठेवली. "रक्त आलंय."

सरांना काहीच लागलं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. काकांनी फळी उचलून बाजूला ठेवली.

फळीआडच्या त्या हाताला तीन ठिपके होते. त्यांच्या वर, मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वळ होता.

सर खाली वाकले. ओठ पुढे काढून त्यांनी फुंकर घातली.

तसा तो हात आपला आपण मागे सरला.